धुराला दीड बोट मार्जिन

माझी मुलगी धूर बघते. नोकरी आहे तिची. हे मी अजून कोणाला तोंडाने सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की समोरचा चार प्रश्न विचारतो आणि मला पहिल्यालाच घाम फुटतो. आमचे हे मात्र सगळ्या गौलीगुडा मोहल्ल्याला सांगत सुटले होते. हे मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात आहेत. तिथे गिऱ्हाईक कमी आणि बोलायला वेळ जास्त.

"पोरगी धूर बघती आमची," हे म्हणायचे.

"कुठला धूर?"

"कॅनडाचा."

मग गिऱ्हाईक सुटे पैसे मोजायला लागायचं.

ही वही माझ्या शिवणाच्या मापांची आहे. पुढून बायकांची मापं, मागून हे लिखाण. मागचं कोणी वाचणार नाही. ह्यांना चष्मा लावायचा कंटाळा, आणि मुलगी नारायणगुड्याला इंग्रजी शाळेत शिकली, तिला मराठीची एक ओळ वाचायला दिली तर मध्ये पाणी मागते. म्हणून इथे सगळं खरं लिहायला हरकत नाही.

तर काम असं. कॅनडात उन्हाळ्यात जंगलं पेटतात. महिना महिना पेटलेली राहतात. त्यांचा धूर वाऱ्याबरोबर लांबलांबच्या गावांवर जातो. वर आकाशात उपग्रह आहे, तो दर दहा मिनिटांनी फोटो काढतो. ते फोटो आमच्या घरातल्या संगणकावर येतात आणि मुलीने धुराच्या कडेकडेने माउसने रेघ मारायची. पातळ धुराला एक रंग, दाटाला दुसरा. त्या रेघेच्या आत जी गावं येतील तिथल्या लोकांच्या मोबाईलवर निरोप जातो, की धूर येतोय, खिडक्या लावा, घरात बसा.

"तिकडच्या लोकांना नाकं नाहीत का?" हे विचारायचे. मुलगी चिडायची. मला वाटायचं, प्रश्न काही अगदीच वाईट नाही, पण मी बोलत नसे.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. आमचा भूगोल जिल्ह्यापर्यंत आला आणि माझी शाळा संपली. कॅनडा पुढच्या एखाद्या इयत्तेत असणार.

मुलीची ही तिसरी नोकरी. पहिली कंपनी बंद पडली, दुसरीतून ती तीन आठवड्यांत रडत घरी आली. मग तिच्या आत्याने निजामाबादचं स्थळ आणलं. मुलगा बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि फोटोत मोटारीला टेकूनच उभा होता. मुलगी म्हणाली, हे नक्को. तेव्हाच ही धुराची नोकरी लागली. सहा महिने काम बघणार, मग कायम करणार नाहीतर घरी पाठवणार. ह्यांनी कबूल केलं, कायम झालीस तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही झालीस तर निजामाबाद. मुलगी त्या सहा महिन्यांकडे असं बघायची, जणू जिन्याखाली मोटार घेऊन तो उभाच आहे.

आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं शिलाई मशीन. धड चालणारा प्लग तिथेच, म्हणून तिचं टेबलही तिथेच. तिची पाठ माझ्याकडे. मान वर केली की तिच्या खांद्यावरून मला सगळा कॅनडा दिसायचा. मी ब्लाउज शिवते. बायका माप द्यायला येतात, घरचं सगळं बोलतात, मी तोंडात टाचण्या धरून हूं हूं करते. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. कधी कधी टाचण्यांची गरज नसतानाही मी त्या तोंडात धरते.

तिची कामाची पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची. पहिले दोन-तीन आठवडे मी नुसती बघत होते. तिच्या रेघा चुकत होत्या. ते मला पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं, पण संगणकासमोर बोलायची मला भीती वाटायची. म्हटलं, तिकडे कोणी ऐकत असलं तर. मग तिचे मार्क आले. शंभरात बावन्न. मार्क देणाऱ्या बाई पुण्याच्या. आता इकडेच असतात, ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी त्यांनी फोनवर विचारलं होतं, "तू मराठीच ना गं?" मुलगी म्हणाली, "हौ मॅम." त्यावर बाईंनी ते 'हौ' स्वतःशीच एकदा म्हणून बघितलं.

बावन्न मार्क आले त्या संध्याकाळी मुलगी न जेवता परत फोटो उघडून बसली. मी अस्तर कापत होते. तिने एका पांढऱ्या लांबट पट्ट्याभोवती रेघ सुरू केली आणि माझ्या तोंडातून गेलं, "तो ढग आहे."

ती वळली. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"बोललीस तू. मी ऐकलं."

"तू ज्याला रेघ मारतीस तो ढग आहे. धूर त्याच्या खाली आहे, तो मळकट."

"कशावरून?"

"सावली बघ की. जमिनीवर पडलीय ढगाची. त्या मळकटाची कुठे पडलीय?"

तिने फोटो मोठा केला. सावली होती. ती मग माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मशीनच बोललंय.

"अजून काय दिसतं तुला?"

काय सांगणार? ढग कापडावर वरून लावलेल्या ठिगळासारखा दिसतो, त्याला कड असते. धूर कापडात मुरलेला असतो, डागासारखा, खालचं सूत दिसत राहतं. बायका डाग पडलेलं कापड आणतात आणि दुकानदाराने असंच दिलं म्हणतात. मला डाग ओळखावेच लागतात, नाहीतर ते माझ्यावर येतात. हे मी तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि परत अस्तराला लागले. ती म्हणाली, "आई, इकडे ये. खुर्चीवर बस."

एक गोष्ट मी तिला त्याच दिवशी दाखवली. फिका डाग बघायचा असेल तर कापड समोरून धरत नाहीत, उजेडाला तिरकं धरतात. दुपारच्या फोटोत सूर्य डोक्यावर, पातळ धूर दिसतच नाही. मी विचारलं, "तिकडे उजाडताना काढलेला नाही का?" होता. आमच्याकडे संध्याकाळी पाच-साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे उजाडतं. त्या फोटोत ऊन आडवं पडलेलं आणि धूर असा उठून दिसत होता, की मुलीने कपाळावर हात मारला. शिकवताना तिला हे सांगितलं होतं म्हणे. तेव्हा ती मोबाईल बघत होती.

माउस धरायला मला दोन दिवस लागले. खडू धरतात तसा धरला तर तो चालत नाही. पण एकदा जमल्यावर बाहीच्या मुंढ्याची गोलाई कापणारीला धुराची कड काय अवघड? एक आग होती, तिचा धूर नागमोडी जात एका तळ्यावर पसरला होता. ती कड मी एका दमात काढली आणि मला इतकं बरं वाटलं, की मी उठून चहा केला.

मग ते रोजचंच झालं. साडेपाच ते सात मी कॅनडा करायची, आणि बदल्यात ती माझी हुकं लावायची. त्या दिवसांतले ब्लाउज बायका अजून परत आणतात.

मार्क वाढले. सत्तर, मग ऐंशीच्या वर, मग नव्वद. त्या वेळी मार्क एवढ्यावरच होते, की धूर सापडला की नाही. कडा नंतर तपासणार होते. पुण्याच्या बाईंनी लिहून पाठवलं, की पातळ धूर तुझ्याइतका कोणाला दिसत नाही. हे खारी घेऊन आले. खाताना म्हणाले, "डोळे माझ्यावर गेलेत तिचे." मुलीने आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही. ह्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. ह्यांना सांगणं म्हणजे बसस्टँडवर माईकवरून सांगणं.

मला लाज वाटत होती का? लिहितेच आहे तर खरं लिहावं. वाटत नव्हती. मजा वाटत होती. इतकी वर्षं बायकांच्या पाठी मापली, आता एक अख्खा देश खाली पसरलेला आणि मी त्याच्यावर रेघा मारतेय. जिल्ह्याच्या पुढचा भूगोल मी असा एकदम वरूनच शिकले.

पाचवा महिना लागला आणि बाईंचा फोन आला. मुलीने स्पीकरवर ठेवला.

"अगं, तुझ्या कडा तपासल्या. तुझा प्रत्येक धूर मोठा आहे."

"म्हणजे मॅम?"

"म्हणजे खरा असतो त्याच्यापेक्षा मोठा. आणि गंमत म्हणजे सगळीकडून सारखाच मोठा. चुकणारा माणूस इकडे कमी, तिकडे जास्त चुकतो. तू पट्टी लावल्यासारखी चुकतेस. काय करतेस तू नक्की?"

"मॅम, माउस प्रॉब्लेम देतोय बहुतेक."

"माउसला बरी शिस्त आहे. हे बघ, एका गावात चार दिवस निरोप गेला, घरात बसा म्हणून. गावजेवण होतं त्यांचं मैदानात, ते रद्द केलं. खिडक्या लावून बसले बिचारे. बाहेर लख्ख ऊन. धूर गावाच्या अलीकडेच संपला होता. उद्या साडेपाचला कॅमेरा चालू ठेव आणि माझ्यासमोर काम कर. त्यावर ठरवू तुझं काय करायचं ते."

फोन ठेवल्यावर मुलगी खुर्चीतच वळली. मी मशीनवर वाकले होते, पण पाय हलत नव्हता.

"आई."

"काय गं."

"तू धुराला मार्जिन सोडलंस?"

सोडलं होतं. दीड बोट, सगळीकडून. मी ते ठरवून केलं नव्हतं, आणि न ठरवताही नाही. कापडावर खडूने माप आखलं की मी कात्री कधी खडूवरून चालवत नाही, दीड बोट बाहेरून चालवते. नवी शिकणारी खडूवर कापते आणि मग ब्लाउज अंगात जात नाही म्हणून रडते. बायका आषाढात बोनालूच्या सणाला माप देतात आणि दसऱ्यापर्यंत फुगतात. मार्जिन असलं की उसवून देता येतं. धुराची कड बघितली की माझा हात आपोआप दीड बोट बाहेरून जायचा. आणि मनात असंही यायचं, की हा संध्याकाळपर्यंत पसरणारच आहे, आत्ताच जागा ठेवलेली बरी.

"पसरतोच की तो," मी म्हणाले.

"पसरला की मी नवीन फोटोवर नवीन रेघ मारते ना! दहा दहा मिनिटाला फोटो येतो आई, दिवाळीला नाही येत!"

"मला काय माहीत."

"अख्खं गाव कोंडून ठेवलंस तू! बिचारे पुऱ्या तळायला बसले असतील!"

कॅनडात गावजेवणाला पुऱ्या तळत असतील असं मला वाटत नाही, पण ती वेळ बोलायची नव्हती. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "गेली नोकरी," म्हणाली. "बसते आता मोटारी पुसत."

उपाय तिनेच काढला. मी नको म्हणायला हवं होतं. उलट मीच जुन्या लुगड्याचा तुकडा शोधून आणला. ठरलं असं: ती बाईंसमोर रेघ मारणार, मी मागे मशीनवर बसणार. तिच्या माउसचा बाण धुरावर असला की मी मशीन चालवायचं, ढगावर गेला की थांबायचं.

"आणि मार्जिन?"

"ते मी बघते. तू मार्जिनचं नावच काढू नको."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला बाई पडद्यावर आल्या. चाळिशीच्या असतील, केस आखूड, समोर ताकाचा ग्लास. मी तुकडा मशीनला लावला, सुईत दोराच नव्हता. तोंडात टाचण्या धरल्या.

मुलीने फोटो उघडला. बाण उत्तरेच्या डागावर गेला. मी मशीन चालवलं. तिने रेघ ओढली, अगदी कडेवरून. बाण पुढे सरकला, एका ढगाच्या टोकावर गेला. मी थांबले. तीही थांबली. बाण मागे फिरला, मी मशीन चालवलं. असे आम्ही दोन फोटो केले. मला वाटत होतं, चाललंय छान. 

"मागे कसला आवाज येतोय?" बाई म्हणाल्या.

"आई शिवतेय मॅम."

"बरं."

तिसरा फोटो. चालवलं, थांबले, चालवलं.

"काकू सारख्या थांबतात गं."

"दोरा तुटतो मॅम."

बाईंनी ताकाचा घोट घेतला. "ढगावर आल्यावरच तुटतो?"

मुलीने बाण घाईघाईने ढगावरून बाजूला केला. माझा पाय मशीनच्या पायट्यावरच राहिला.

"मला मूर्ख समजू नकोस. माझ्या घरीही शिवणाचं मशीन होतं. काकूंना जरा पुढे बोलव."

मी आयुष्यात बँकेच्या खिडकीतही ह्यांना पुढे करून मागे उभी राहिले आहे. मुलीने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा अगदी शाळेच्या पहिल्या दिवशी झाला होता तसा झाला होता. मी उठले. खुर्चीमागे उभी राहिले. छोट्या चौकोनात माझंच तोंड दिसत होतं, टाचण्यांसकट. मी टाचण्या काढल्या आणि पदराला लावल्या.

"नमस्कार काकू."

"नमस्कार."

"धूर कोण बघतं?"

"मी." आवाज कुठून आला कोण जाणे. "उजाडतानाचे सगळे मी केले. मार्जिनपण माझं आहे, तिचं नाही. तिला त्यातलं काही कळत नाही."

"आई!" मुलगी म्हणाली.

"शिवणातलं म्हणतेय मी."

बाईंनी विचारलं, कसलं मार्जिन. मी सांगितलं. खडू, कात्री, दीड बोट, बायकांचं फुगणं, सगळं. इतकं मी माहेरच्यांशीही एका बैठकीत बोललेले नाही. बाई ऐकत होत्या. मध्ये त्यांनी तोंडावर हात धरला, हसू लपवायला की जांभई, ते कळलं नाही. मग हात काढला तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"काकू, तिथे माणसं राहतात. आम्ही घरात बसा म्हटलं की ती बसतात. चार दिवस बसली आणि बाहेर ऊन दिसलं, की पाचव्या दिवशी नाही बसणार. आणि पाचव्या दिवशी खराच धूर येतो. त्यात दमेकरी म्हातारी माणसं असतात. मी हे काम करते म्हणून मला असं एक घर माहीत आहे. जास्त नाही सांगत."

मी मान खाली घातली. गावजेवणाचं मला हसूच येत होतं तोवर. दम्याचं डोक्यातही आलं नव्हतं. माझी आई दम्याने गेली, आणि तरी आलं नव्हतं.

"तिला काढू नका," मी म्हणाले. पुढे मोटारीवाल्याचंही सांगणार होते, पण मुलीने खालून माझ्या पायावर पाय दिला.

"मग काय, तुम्हाला ठेवू?"

"नक्को बाई! मी चौथी शिकलेय."

"शिक्षण नाही विचारलं मी." बाईंनी ग्लास बाजूला केला. "हे बघ मुली, नोकरी तुझी आहे, तर डोळे तुझे पाहिजेत. काकू रोज पाठीशी असतील असं नाही. पंधरा दिवस देते. उजाडतानाचे फोटो तू एकटीने करायचे, कॅमेरा चालू ठेवून. काकू खोलीत नकोत. मशीनचा आवाज नको. आणि काकू, नंतरही सांगायचं नाही. शब्द द्या मला."

मी शब्द दिला. तोंडाने.

हे सगळं मग ह्यांना सांगावंच लागलं, कारण रोज साडेपाच ते सात पुढच्या खोलीचं दार बंद, आणि मागच्या खोलीत जायची वाटही तिथूनच. दसऱ्याचे ब्लाउज येऊन पडलेले, ऐन कामाच्या वेळी मशीन आत आणि मी बाहेर जिन्यावर, मांडीवर तुरपाईचा ढीग. हे दुकानातून आले की माझ्या शेजारी पायरीवर बसायचे.

"आपल्याच घराबाहेर बसवलं तुझ्या धुरानं," पहिल्या दिवशी म्हणाले.

खालच्या मजल्यावरची एक अक्का वर आली. "क्या हुआ, मशीन खराब है क्या?"

"नाही," हे म्हणाले, "परीक्षा चालू आहे पोरीची."

"किस चीज की?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या तोंडात घातल्या. "मोठी आहे परीक्षा," हे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी धुराचं नाव घेतलं नाही. मला ते बरं वाटलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी हे हळूच म्हणाले, "डोळे तुझ्यावर गेलेत म्हणजे तिचे."

"खारी खाताना तर वेगळं बोलला होतात."

"खारी खाताना मला माहीत नव्हतं." मग म्हणाले, "तुला खरंच दिसतं? धूर आणि ढग वेगवेगळे?" मी त्यांना तुरपाई करताकरता सांगितलं. समोरच्या बसस्टँडच्या वर आभाळ भरून आलेलं होतं, त्याच्यावरच दाखवलं. त्यांना काही दिसलं नाही. हौ हौ म्हणत राहिले. दिवे लागेपर्यंत आम्ही तिथे बसलो होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असे बिनकामाचे शेजारी शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. पोटात भूक होती, स्वयंपाक झालेला नव्हता, आणि दोघांपैकी कोणी तक्रार करत नव्हतं.

मुलगी सातला दार उघडायची तेव्हा तिचा चेहरा बघून काही कळायचं नाही. मी विचारायची नाही. मार्क शेवटीच कळणार होते.

पंधराव्या दिवशी दार उघडलं तेव्हा पडद्यावर शेवटचा फोटो अजून तसाच होता. कॅमेरा बंद होता. "पाठवायचाय," ती म्हणाली. "पाच मिनिटं आहेत. एकदा बघून घेते."

मी पाण्याचा तांब्या उचलायला म्हणून आत गेले आणि बघायचं नाही बघायचं नाही म्हणत बघितलं. डोंगरांच्या मध्ये नदीचं खोरं होतं. खोऱ्यात करडा पट्टा, त्याला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे. शेजारच्याच डोंगरावर आग, तिच्या धुराला तिने रेघ मारली होती, सुरेख, सुतभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि खोरं मोकळं सोडलं होतं. मळकट, आडव्या उन्हात उठून दिसणारा, सरळसरळ धूर, आणि त्याला रेघ नाही.

"आई, ठीक आहे ना?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नाही, नको. सांगू नको."

तांब्या माझ्या हातात होता. आयुष्यभर मला बोलायचं नसताना लोकांनी बोलायला लावलं. त्या दिवशी मला बोलायचं होतं. एक बोट नुसतं पडद्याकडे केलं असतं तरी तिला कळलं असतं. निजामाबाद डोळ्यांसमोर दिसत होतं. पण मी त्या आखूड केसांच्या बाईला शब्द दिला होता, आणि त्या खोऱ्यात गाव असेल तर काय, हेही मनात येत होतं. शब्द पाळावा तर ते गाव धुरात, मोडावा आणि बाईंना कळलं तर पोरीची नोकरी. मी पाणी प्यायले. सगळा तांब्या प्यायले.

तिने बटण दाबलं. गेला फोटो.

त्या रात्री मी भाजीत दोनदा मीठ घातलं. ह्यांनी पाणी पीत पीत जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला, मुलीने परत स्पीकरवर ठेवला. मी मशीन थांबवलं नाही, ऐकतेय हे दाखवायला नको म्हणून, पण दोरा केव्हाच निसटला होता.

"काही पातळ धूर तुझे सुटलेत," बाई म्हणाल्या. "पाच-सहा तरी. काकूंना दिसले असते."

मुलगी म्हणाली, "हौ मॅम."

"पण कडा चोख आहेत. आणि कालचं ते खोरं. त्याला रेघ का नाही मारलीस?"

माझा पाय थांबला.

"मॅम, ते हलत नव्हतं. मी मागचे सहा फोटो एकापाठोपाठ लावून बघितले. शेजारचा धूर वाऱ्याबरोबर पुढे जात होता आणि हे जागच्या जागी. आणि ऊन वर आल्यावर कडेकडेने आटत गेलं. धूर असा आटत नाही ना. धुकं होतं ते, नदीवरचं."

"बरोबर. निम्म्या लोकांनी त्याला धूर करून टाकलंय. मी कागदपत्रं पाठवते कायमची. आणि काकूंना नमस्कार सांग. ऐकतच असतील."

फोन ठेवला आणि मुलगी खोलीभर नाचली. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. "आई, खरं सांग. तू काल बघितलंस ना ते खोरं?"

"बघितलं."

"काय वाटलं तुला?"

"धूर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाईंना शब्द दिला होता."

"तू धूर म्हणाली असतीस तर मी डोळे मिटून रेघ मारली असती," ती म्हणाली. "तुझं ऐकून." मग तिने तिचे सहा फोटो मला एकापाठोपाठ चालवून दाखवले, जसे तिने बाईंना सांगितले होते तसे. शेजारचा धूर सरकत होता, खोऱ्यातलं जागेवर होतं. मी कधी फोटो असे हलवून बघितलेच नव्हते. कापड हलत नाही, मी एकेक फोटो कापडासारखाच बघायची.

ह्यांनी त्याच संध्याकाळी निजामाबादला फोन करून नकार कळवला, आणि मग गौलीगुड्यात जाऊन पोरगी कायम झाल्याचं सांगून आले. मुलगी आता तिचे सगळे फोटो एकटी करते. मी मान वर करत नाही. दसऱ्याचे ब्लाउज पुरे झाले, हुकं माझी मीच लावली.

पण ते खोरं मी मनातल्या मनात बऱ्याचदा बघितलं आहे. तिने सहा फोटो दाखवले, बाईंनीही सांगितलं, सगळं पटलं. फक्त इथे, वहीच्या मागच्या पानावर, जिथे कोणी बघत नाही, तिथे लिहून ठेवते. मला अजूनही तो धूरच वाटतो.